नवे काय करायचे आणि काय नाही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कारखान्यांतील नवउत्पादनाची लक्ष्ये आणि दिशा कशी ठरवावी, याविषयी गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून संक्षेप केला आहे, आणि कोणाचा कारखाना ओळखू येऊ नये एवढ्यापुरते तपशील गाळले आहेत.

प्रश्न : भोसरीत आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. वडिलांनी दोन प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर) सुरू केलेल्या कामाची उलाढाल आज ४० कोटींच्या घरात आहे; त्यांतील सुमारे २६ कोटी पेट्रोल-डिझेल इंजिनाला लागणाऱ्या भागांतून येतात. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही ‘तीन वर्षांत उलाढालीच्या २५ टक्के नव्या उत्पादनांतून’ असे लक्ष्य ठेवले. पहिल्याच वर्षअखेरीस आकडा १९ टक्क्यांवर गेला, तरी मला आणि भावाला काही नवे घडल्यासारखे वाटत नाही. चुकते कोठे?

उत्तर : तुम्हा दोघांना जे वाटते, त्यावर मी त्या १९ टक्क्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवीन. माझा अंदाज असा, की या १९ टक्क्यांत बहुतेक भर नव्या पार्ट नंबरांची असावी. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ड्रॉइंग पाठवले, तुम्ही डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) केली, नमुने पास झाले, पीपीएपीवर (उत्पादन सुरू करण्यापूर्वी ग्राहकाने द्यायच्या मंजुरीवर) सही झाली आणि माल सुरू झाला. ब्रॅकेटचे एक भोक चार मिलिमीटर सरकले तरी पार्ट नंबर बदलतो आणि हिशेबाच्या वहीत ते ‘नवे उत्पादन’ ठरते. जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या आराखड्यानुसार काम करून देण्यावर, उभ्या राहिलेल्या कारखान्यात हे लक्ष्य काही न करतासुद्धा पूर्ण होऊ शकते.

हे टक्केवारीचे लक्ष्य मुळात अमेरिकेतील थ्रीएम या कंपनीमुळे जगभर पसरले. गेल्या पाच वर्षांत बाजारात आणलेल्या उत्पादनांतून विक्रीचा २५ टक्के भाग यावा, असा त्या कंपनीचा दंडक होता आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तो अधिक कडक करून चार वर्षे आणि ३० टक्के असा करण्यात आला. मात्र त्या कंपनीत उत्पादन काय असावे, हे ती स्वतः ठरवत होती, तंत्रज्ञही तिचेच होते, आणि कामाच्या वेळेपैकी सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा त्यांना त्याआधी कित्येक दशकांपासून मिळत होती. ही पार्श्वभूमी वगळून केवळ टक्केवारी उचलली, तर दुसऱ्याच्या अंगाचा सदरा घालून आरशात पाहिल्यासारखे होते.

तुम्ही टक्केवारी काही काळ बाजूला ठेवा आणि एका संध्याकाळी वडिलांसह तिघे बसून एक साधा हिशेब करा. आपण नवीन काहीच केले नाही, तर पाच वर्षांनी काय उरेल? इंजिनाच्या भागांच्या प्रत्येक ऑर्डरपुढे ते मॉडेल केव्हा बंद होणार आहे, हे लिहा. खरेदी विभागातील माणसे हे उघड सांगत नाहीत, परंतु पुढील वर्षांचे वेळापत्रक मागितले की त्यांच्या उत्तरावरून पुष्कळ कळते. समजा, २६ कोटींपैकी १० कोटी जातील असे दिसले आणि उरलेले १४ कोटींचे काम आपोआप वाढून १८ कोटींपर्यंत गेले, तर पाच वर्षांनी तुम्ही ३४ कोटींवर असाल, म्हणजे आजच्यापेक्षा खाली. तुम्हाला ५५ कोटींवर जायचे असेल तर खड्डा २१ कोटींचा आहे. आहे तोच माल नव्या ग्राहकांना विकून त्यांतील आठ कोटी भरता येतील असे धरले, तरी १३ कोटी उरतातच. आज जे तुम्ही बनवत नाही त्यातूनच ते यावे लागतील. ‘२५ टक्के’ आणि ‘१३ कोटी’ यांत फरक असा, की दुसऱ्या आकड्याला कारण आहे, मुदत आहे, आणि पार्ट नंबर बदलून तो भरता येत नाही.

त्यानंतरचा प्रश्न क्षेत्राचा. तुमच्या पत्रावरून दिसते की पातळ पत्र्याचे खोल ड्रॉ (पत्रा न फाटता त्याला खोलगट आकार देणे) आणि स्वतःची टूलरूम (डाय बनवण्याचा विभाग) हे तुमचे खरे बळ आहे. हे बळ इंजिनाला बांधलेले नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरीला जोडणाऱ्या तांब्याच्या बसबार पट्ट्या, बॅटरीच्या पेटीचे कप्पे, थंड करणाऱ्या प्लेटा ही प्रेसचीच कामे आहेत. स्विचगियरमध्येही (विजेचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांतही) तांबे-पितळेचे प्रेस पार्ट भरपूर लागतात. यांपैकी दोनच क्षेत्रे निवडा. चार निवडलीत तर टूलरूममध्ये प्रत्येकाची अर्धवट डाय पडून राहील. आणि त्या दोनपैकी निदान एका ठिकाणी ड्रॉइंग तुमचे असावे असा आग्रह धरा, कारण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला दिशा ठरवण्याचा अधिकार फारसा उरत नाही. ही गोष्ट वडिलांना पटवणे हिशेबापेक्षा अवघड जाईल, असे पत्राच्या शेवटच्या परिच्छेदावरून वाटते.

प्रश्न : नाशिकजवळच्या एका घरगुती उपकरणांच्या कंपनीत मी उत्पादन-विकास विभाग सांभाळतो. मालक कल्पक आहेत, परंतु प्रत्येक प्रदर्शनाहून परत येताना ते नवी दिशा घेऊन येतात. तीन वर्षांत आम्ही ११ प्रकल्प हाती घेतले आणि बाजारात दोन आले. मालकांना दुखावल्याशिवाय हे कसे थांबवावे?

उत्तर : मालकांना कल्पना सुचणे थांबवू नका, त्या कल्पना ज्या कागदावर घासून पाहायच्या तो कागद तुमच्या कंपनीत नाही, ही खरी उणीव आहे. एका पानाचे टिपण तयार करा. आपण कोणत्या ग्राहकासाठी आणि त्याच्या कोणत्या अडचणीसाठी काम करणार, कोणते तंत्र आपल्या हातचे आहे, पुढील तीन वर्षांत कशावर किती पैसा आणि किती माणसे लावणार, आणि काय करणार नाही, एवढेच त्यात असावे. शेवटचा मुद्दा लिहिताना हात अडखळला नाही, तर टिपण खरे झाले नाही असे समजा. ‘विमानाचे भाग करणार नाही’ असे मिक्सर बनवणाऱ्याने लिहिण्यात काही अर्थ नाही; जे करण्याचा मोह रोज होतो, तेच तेथे लिहायचे असते.

‘करणार नाही’ या शब्दांची किंमत किती असते, याचे पुण्यातच घडलेले उदाहरण बजाज ऑटोचे आहे. २००१ मध्ये आलेल्या पल्सरने कंपनीला मोटारसायकलींच्या बाजारात भक्कम जागा मिळवून दिली आणि २००९ च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करून केवळ मोटारसायकलींवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या घराण्याचे नाव ‘चेतक’मुळे घरोघरी पोहोचले, त्या घराण्याने स्कूटर सोडावी याचे दुःख राहुल बजाज यांनी जाहीरपणे बोलून दाखवले होते. पुढे गिअरलेस स्कूटरचा बाजार जोरात वाढला. मधल्या काळात होंडाची अ‍ॅक्टिव्हा देशातील सर्वाधिक खपाची दुचाकीही ठरली. निर्णय चुकला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते आणि आजही आहेत. मला मात्र त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. आपण काय सोडतो आहोत हे त्या कंपनीत प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे अभियंत्यांची शक्ती दोन बाजूंना ओढली गेली नाही. आणि जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर चालणारी होऊन परतली तेव्हा ती जुन्या लढाईत दहा वर्षे उशिरा उतरण्यासाठी आली नव्हती. तंत्र बदलल्यामुळे लढाईच नवी झाली होती. दिशा बदलण्यास हरकत नसते, पण ती कशामुळे बदलली हे सांगता आले पाहिजे, आणि ‘जर्मनीच्या प्रदर्शनात छान दिसले’ हे कारण पुरेसे नाही.

आता मालकांविषयी. ते टिपण तुम्ही लिहून त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांच्याकडूनच लिहवून घ्या. तुम्ही फक्त ११ प्रकल्पांवर गेलेले तास आणि पैसे एका तक्त्यात मांडून न्या आणि त्यावर स्वतःचे भाष्य करू नका. पुढे प्रदर्शनाहून एखादी नवी कल्पना आली, की ‘साहेब, ही घेतली तर चालू असलेल्यांपैकी कोणती काढू?’ एवढे विचारा. माझ्या नोकरीच्या काळात मी हे न विचारता होकार देत गेलो आणि एका वर्षी आमच्या विभागात प्रत्येक अभियंत्यामागे अडीच प्रकल्प होते. कोणताच वेळेवर पुरा झाला नाही, आणि उशिराचा दोष अर्थातच अभियंत्यांवर आला.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यात आम्ही शेतीची छोटी यंत्रे बनवतो. ऊस आणि भाजीपाल्यातील तण काढणारे पॉवर वीडर नव्याने करायचे आहे. बाजारात आयात केलेली स्वस्त यंत्रे असल्याने संचालकांनी ‘३० हजारांच्या आत’ एवढे एकच लक्ष्य दिले आहे. किंमत हेच लक्ष्य असावे काय?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर टाटा मोटर्सच्या दोन गाड्यांत जितके स्पष्ट सापडते तितके मला इतरत्र सापडलेले नाही. कंपनी तीच, दशक तेच, आणि दोन्ही प्रकल्पांचे नेतृत्वही एकाच अभियंत्याकडे, गिरीश वाघ यांच्याकडे. एक गाडी म्हणजे मे २००५ मध्ये आलेला ‘एस’ हा छोटा ट्रक, जो रस्त्यावर ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जातो, दुसरी नॅनो.

दोन्ही ठिकाणी किमतीचे बंधन होते. एसच्या बाबतीत मात्र ते बंधन कामाच्या विचारातून आले. महामार्ग रुंद होत होते, त्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात होणारी मालवाहतूक मोठ्या ट्रकांकडे जात होती. पण मोठ्या ट्रकांना शहरात दिवसा मज्जाव असे आणि शेवटचे काही किलोमीटर माल पोहोचवण्यासाठी तीनचाकी टेम्पोशिवाय फारसे काही नव्हते. वाघ यांच्या चमूने टेम्पोवाल्यांशी आणि माल पाठवणाऱ्यांशी बोलून ते दिवसाला किती फेऱ्या करतात, किती माल लादतात, किती कमावतात हे समजून घेतले. त्या बोलण्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली, ती आजही सांगितली जाते. चारचाकी असती तर गावाकडे लग्नासाठी चांगले स्थळ मिळाले असते, असे एका टेम्पोवाल्याने सांगितले. चौथे चाक भार पेलण्यासाठी होते तसेच प्रतिष्ठेसाठीही होते. मग कंपनीच्याच इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे जणू निम्मे करून ७०२ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन तयार झाले, गाडी सुमारे सव्वादोन लाखांत बाजारात आली, आणि दोन वर्षांच्या आत एक लाख गाड्या विकल्या गेल्या.

नॅनोचा आरंभही माणसाच्या अडचणीपासूनच झाला होता. पावसात एकाच स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात ती कल्पना आली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढची हकिगत तेवढी सांगितली जात नाही. २००३ च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात एका इंग्रजी वृत्तपत्राशी बोलताना किमतीचा विषय निघाला, त्यांनी सुमारे एक लाखाचा उल्लेख केला आणि दुसऱ्या दिवशी तोच मथळा झाला. खुलासा करावा असे त्यांना आधी वाटले. मग, आपण बोललोच आहोत तर तेच लक्ष्य धरावे, असे त्यांनी ठरवले. तेथून पुढे पाच वर्षे त्या आकड्याने प्रकल्प हाकला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्या काळात जे झाले ते थक्क करणारे होते, हे मी आजही म्हणेन. एकच वायपर, चाकाला तीनच नट, मागे बसवलेले दोन सिलिंडरांचे इंजिन, अशी प्रत्येक गोष्ट मुळापासून पुन्हा विचारात घेतली गेली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत गाडी दाखवली तेव्हा साऱ्या जगाने दखल घेतली. परंतु ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही ओळख तिला चिकटली ती कायमची. आयुष्यातील पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबाला ती गाडी सोसायटीच्या दारात उभी करताना अभिमान वाटावा, ही अपेक्षा कोणत्याच तक्त्यात नव्हती. पश्चिम बंगालमधील सिंगूरहून गुजरातमधील साणंदला कारखाना हलवण्यात गेलेला काळ आणि काही गाड्यांना लागलेल्या आगी यांनीही नुकसान केले, हे खरे. तरीही वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्यातून एका वर्षातील सर्वाधिक विक्री सुमारे ७४ हजारांपर्यंतच गेली, आणि जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एकच नॅनो तयार झाली. टेम्पोवाल्याच्या मनातील प्रतिष्ठा एसने ओळखली आणि स्कूटरवाल्याच्या मनातील तीच प्रतिष्ठा नॅनोच्या हातून निसटली, असे मी या दोन गाड्यांकडे पाहून म्हणेन.

खेड्यात जाऊन लोकांना विचारले म्हणजे सारे साधते, असे मात्र नाही. गोदरेज अँड बॉइसने ‘छोटुकूल’ हा कॉम्प्रेसर नसलेला, बॅटरीवरही चालणारा, वरून उघडणारा लहान शीतपेटीसारखा फ्रिज करताना मराठवाड्यातील स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून आराखडा केला होता. तरीही ज्या घरांसाठी तो केला त्यांनी तो अपेक्षेइतका घेतला नाही आणि कंपनीला पुढे तो शहरी, हौशी ग्राहकाकडे वळवावा लागला. लोक ‘छान आहे’ म्हणतात तेव्हा ते पाहुण्याशी बोलत असतात. पैसे मोजताना ते वेगळेच बोलतात.

तुमच्या वीडरविषयी बोलायचे तर ३० हजार हे कुंपण म्हणून राहू द्या, पण दिशा म्हणून दुसरे वाक्य लिहा. शेतकरी हे यंत्र दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहण्याआधी खुरपणीच्या मजुरीशी ताडून पाहतो. हंगामात किती बायका, किती दिवस, काय रोजाने लागतात, आणि ऐन वेळी त्या मिळतात का, हा त्याचा हिशेब असतो. शिवाय आपल्याकडे खुरपणी बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात. यंत्र आले की तेही त्यांच्याच हाती जाणार असेल, तर त्याचे वजन, दोरी ओढून चालू करण्यास लागणारा जोर आणि बांधावरून उचलून नेण्याची सोय यांना पाच हजारांच्या फरकापेक्षा अधिक महत्त्व आहे. उसाच्या दोन ओळींतील अंतर तुमच्या भागात किती ठेवतात, पावसानंतर काळ्या रानात चाक रुतते का, पाते तुटले तर तालुक्याच्या गावी मिळेल का, ही उत्तरे संचालकांच्या बैठकीत मिळणार नाहीत. ‘एका स्त्रीला एकटीने दिवसभर चालवता येईल आणि दोन हंगामांत मजुरीतून किंमत भरून निघेल असे यंत्र’ असे लक्ष्य लिहिलेत, तर किंमत ३० हजार असावी की ३६ हजार, याचे उत्तर त्यातूनच निघेल.

प्रश्न : संशोधन आणि विकासावर उलाढालीच्या किती टक्के खर्च करावा?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा. आधी कामे ठरवावीत आणि मग त्यांना लागणारा पैसा काढावा. तो पैसा चालू मालातील सुधारणा, शेजारच्या क्षेत्रातील उत्पादने आणि अगदी नवे प्रयोग अशा तीन कप्प्यांत वर्षाच्या आरंभीच वाटून टाकावा. नाहीतर ग्राहकाच्या तक्रारी निस्तरण्यातच सगळा संपतो. आणखी एक गोष्ट. पूर्वी प्राप्तिकरात अशा खर्चावर दीडपट, त्याआधी दुपटीपर्यंत वजावट मिळत असे, त्यामुळे अनेकांनी देखभालीचा खर्चही संशोधनात दाखवला. एप्रिल २०२० पासून ही जादा वजावट उरलेली नाही, तेव्हा निदान स्वतःच्या वहीत तरी खरा आकडा लिहिण्यास आता हरकत नसावी.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीत मी चार वर्षे एकाच नव्या उत्पादनावर काम करीत आहे. दर तिमाहीला आमच्याकडून विक्रीचा अंदाज मागतात आणि दर वेळी तो खोटा ठरतो. लक्ष्य चुकीचे आहे की आम्ही कमी पडतो, हे कसे ओळखावे?

उत्तर : जे उत्पादन अजून तयार नाही त्याच्या विक्रीचा तिमाही अंदाज मागणे, हे पेरणी झालेल्या रानात रोज मळणीचा हिशेब मागण्यासारखे आहे. वर उल्लेखिलेल्या थ्रीएममध्येच स्पेन्सर सिल्व्हर या संशोधकांना हलका चिकटणारा एक गोंद १९६८ मध्ये सापडला. त्याचा खरा उपयोग त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या ध्यानात १९७४ मध्ये आला आणि त्या गोंदाच्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या (पोस्ट-इट) अमेरिकाभर विकण्यास १९८० साल उजाडले. मात्र या कथेचा आधार घेऊन बारा वर्षे रेंगाळण्याचे समर्थन करू नये. गोंदाला काही खरेदीदार मिळत नव्हता तेव्हा त्यावर मोठा चमू बसलेला नव्हता. वाट पाहण्याचा खर्च थोडा होता.

म्हणून अंदाजाऐवजी वरिष्ठांना दुसरे काही द्या. हे उत्पादन यशस्वी होण्यासाठी कोणत्या चार-पाच गोष्टी खऱ्या असाव्या लागतील, ते लिहून काढा. उदाहरणार्थ, अमुक तापमानात दोन हजार तास टिकेल, अमुक खर्चात बनेल, निदान पाच ग्राहक स्वतःच्या पैशाने नमुना विकत घेतील. त्यांतील जी गोष्ट खोटी ठरण्याचा संभव सर्वांत अधिक, ती सर्वांत आधी तपासा, आणि ती खोटी ठरली तर प्रकल्प थांबवायचा, हे तपासण्यापूर्वीच लिहून त्यावर वरिष्ठांची सही घ्या. आमच्याकडे नेमके उलटे करतात. सोपे ते आधी, मनासारखे निकाल येतात, प्रोटोचे (पहिल्या नमुन्याचे) फोटो निघतात, आणि अवघड चाचणी शेवटी येते तेव्हा इतका पैसा गुंतलेला असतो की नाही म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला पडून राहिले ते नांगरात खोट होती म्हणून नव्हे; लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती म्हणून. तेथे दुरुस्ती आराखड्यात करायची नव्हती, शेतावर नांगर चालवून दाखवायचा होता. तुमची चार वर्षे कशात गेली, हे पत्रात नाही. पहिला बाहेरचा ग्राहक तुमच्या उत्पादनाला हात लावून कोणत्या तारखेला गेला, ती तारीख शोधून काढा. तशी तारीखच नसेल, तर पुढील तिमाहीच्या बैठकीआधी ती घडवून आणा आणि विक्रीच्या तक्त्याच्या जागी त्या ग्राहकाने काय म्हटले ते लिहून द्या.